'पेन थ्रेशोल्ड'ला काय म्हणावं?

फिजिओथेरपीवरचा मजकूर मराठीत आणतोय. टेन्सचं यंत्र (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देऊन दुखणं कमी करणारं) लावल्यावर 'पेन थ्रेशोल्ड' वाढतो, असं वाक्य आहे. मी 'वेदना सहन करण्याची क्षमता वाढते' असं केलं. चालेल? आणि 'पेन सेन्सिटिव्हिटी'साठी 'वेदना-संवेदनशीलता' नको वाटतं. पेशंट कविता करतो की काय, असं वाटतं.

– सहनशक्ती नको. दुखायला लागल्यावर माणूस किती तग धरतो, ती सहनशक्ती. थ्रेशोल्ड म्हणजे मुळात दुखायला लागतं कुठे. बोथट टोकाचं दाबमापक स्नायूवर हळूहळू दाबत नेतात आणि 'आता दुखलं' म्हटल्याबरोबर आकडा टिपतात. तुमच्या वाक्यात सगळं श्रेय पेशंटच्या सोशिकपणाला जातंय! 'वेदनेचा उंबरठा' म्हणा.

– फक्त उंबरठा 'वाढतो' नको, 'उंचावतो'. टेन्समागचं कारण म्हणून सांगतात त्या, वेदना-संशोधक मेलझॅक आणि वॉल यांच्या १९६५च्या 'गेट कंट्रोल' सिद्धांतातल्या 'गेट'ला काही जण 'द्वार' म्हणतात. स्पर्शाचे जाड तंतू चेतवले की दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडतो. आपटलेलं कोपर आपण चोळतो ते म्हणूनच. पण द्वार आणि उंबरठा शेजारी आले तर वाचक दोन्ही एकाच घराला लावेल.

– सेन्सिटिव्हिटीला 'हुळहुळणं'? भाजलेल्या जागी सदरा घासला तरी हुळहुळतं.

– ते नुसत्या स्पर्शानं दुखणं झालं, डॉक्टरांचा अ‍ॅलोडिनिया. टाचणी टोचल्यावर वाजवीपेक्षा जास्त दुखणं वेगळं. दोन्हींना पुरेल असा साधा शब्द 'दुखरेपणा'.

– 'बधिर करतं' असंही कुठे लिहू नका. टेन्सनं मुंग्या येतात, चिमटा काढला तर कळतो. बधिर शोभेल ते पहिल्या शतकातल्या रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गसच्या उपायाला. गाउट या संधिवातावर तो जिवंत विद्युत्‌मासा पायाखाली ठेवायला सांगे, पाय बधिर होईपर्यंत. त्या माशाचं लॅटिन नाव टॉर्पेडो, आणि तो शब्दच बधिर होण्याच्या क्रियापदावरून आलाय.

– आमच्या आजी सरळ 'करंट घ्यायला जाते' म्हणतात. 'शेक घेते' म्हटलं की गरम पाण्याची पिशवी.

– सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: 'टेन्स चालू असताना वेदनेचा उंबरठा उंचावतो, दुखरेपणा कमी होतो.' 'करंट' ठेवला असता, पण संपादक पहिला तोच कापतील.