मदत हवी आहे: इंटिग्रेटिंग फॅक्टर पुस्तकाशी जुळत नाही

अडलोय_पहिल्यालाच
लिनिअर डिफरन्शियल इक्वेशनचं गणित, दोन दिवस अडकलोय. इंटिग्रेटिंग फॅक्टर (ज्याने अख्खं समीकरण गुणायचं तो) 'ई'चा २एक्स घात येतो, पुस्तकात एक्स स्क्वेअर आहे. पुस्तक चुकलंय का? परवा परीक्षा आहे, प्लीज लवकर सांगा.

खडूफळा
अरे, गणित कुठाय? समीकरण टाक आधी.

एस_डोमेन
या फॅक्टरच्या भानगडीत पडूच नकोस. लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकून घे, डिफरन्शियल इक्वेशनचं सगळं साधं बीजगणित होतं. कंट्रोल सिस्टिम्सला मला त्यानेच तारलं.

अडलोय_पहिल्यालाच
नेहमीचंच गणित आहे. एक्स गुणिले डीवाय बाय डीएक्स, अधिक २वाय, बरोबर एक्स स्क्वेअर. वायचा सहगुणक २, त्याचं इंटिग्रेशन २एक्स. चुकलं कुठे?

खडूफळा
डीवाय बाय डीएक्सला चिकटलेला तो एक्स आधी घालवायचा. सगळीकडे एक्सने भाग. आता वायचा सहगुणक २ बाय एक्स, त्याचं इंटिग्रेशन २ लॉग एक्स, आणि 'ई'चा तेवढा घात म्हणजे एक्स स्क्वेअर. पुस्तक बरोबर आहे. त्याने गुणलंस की डावी बाजू म्हणजे 'एक्स स्क्वेअर वाय' या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह होते, उजवीकडे एक्स क्यूब. फॅक्टर शोधायचा तो एवढ्यासाठीच, प्रॉडक्ट रूल उलटा वापरता यावा म्हणून.

@एस_डोमेन, सहगुणकातच एक्स आहे. लाप्लास घेतलात तर ट्रान्सफॉर्मचं डेरिव्हेटिव्ह येईल, म्हणजे पुन्हा डिफरन्शियल इक्वेशनच.

एस_डोमेन
मान्य, या गणिताला नाही. पण सहगुणक स्थिर असतील तिथे लाप्लासच.

घातांक
हे तर कॉशी-ऑयलर आहे, म्हणजे जितकं डेरिव्हेटिव्ह तितकाच एक्सचा घात त्याला चिकटलेला! उजवीकडे शून्य धरून वायच्या जागी एक्सचा एम घात ठेवा: एम अधिक २ बरोबर शून्य, म्हणून एम बरोबर उणे २. मग ए गुणिले एक्स स्क्वेअर ठेवून ४ए बरोबर १. झालं, दोन ओळींत.

खडूफळा
सुंदर आहे, पण परवा पेपर असलेल्या मुलाला आज नवी पद्धत कशाला? पायऱ्यांना मार्क असतात.

रुंग_कुट्टा_४
नोकरीत हे कोणी हाताने सोडवत नाही. समीकरण आकड्यांनी पायरी-पायरीने सोडवणारी कुट्टाची पद्धत १९०१ पासून आहे, कोड लिहायला शिका.

घातांक
आणि कोडचं उत्तर बरोबर आलं हे कशावरून ठरवणार? हाताने सोडवलेल्याशी ताडूनच ना?

अडलोय_पहिल्यालाच
फॅक्टर जुळला!! पण माझं उत्तर एक्स स्क्वेअर बाय ४ अधिक सी (इंटिग्रेशनचा स्थिरांक). पुस्तकात सी बाय एक्स स्क्वेअर आहे.

खडूफळा
सी शेवटी चिकटवलास ना? इंटिग्रेशन केल्या केल्या लिहायचा: एक्स स्क्वेअर वाय बरोबर एक्सचा चौथा घात बाय ४, अधिक सी. मग एक्स स्क्वेअरने भागताना सीलाही भाग. पडताळा घे: मूळ समीकरणाच्या डाव्या बाजूत वायच्या जागी नुसता सी ठेव, २सी उरतो. सी बाय एक्स स्क्वेअर ठेव, शून्य येतं.

सोल्डरिंग
मला हा सी आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) सर्किटवर कळला. कपॅसिटर चार्ज होताना एका टाइम कॉन्स्टंटमध्ये (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स एवढ्या वेळात) त्याच्या आणि सप्लायच्या व्होल्टेजमधला सुरुवातीचा फरक ३६.८ टक्क्यांवर येतो. तो सुरुवातीचा फरक म्हणजेच सी. फॅक्टरने भागल्यामुळेच तो विरत जातो. तुझ्या गणितातही एक्स वाढला की सीचं पद विरतं.

अडलोय_पहिल्यालाच
आता कळलं, मनापासून आभार सगळ्यांचे. गणितात 'एक्स १ असताना वाय १' असंही दिलंय. ते लागतं का?

खडूफळा
अरे, हे आधी सांगायचं! लागतं. १ बरोबर पाव अधिक सी. सी पाऊण.