नव्या घरात ऑटोमेशन करायचंय: प्लास्टरआधी काय काय उरकावं?

ओसरी
मंडळी, तळमजला अधिक एक मजला असं घर बांधून होत आलंय. स्लॅब पडलेत, छताचे कन्ड्युइट (वायरींचे पाइप) स्लॅबमध्येच टाकलेत, वीटकाम संपलंय. आता भिंतींना झिऱ्या (पाइपांसाठी खाचा) मारायच्या आणि लगेच प्लास्टर. हिशोब असा: ४८ लाइट पॉइंट, ९ पंखे (सगळे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्यायचा विचार आहे), ४ एसी, ३ गीझर, ६ कॅमेरे, ५ मोटरचे पडदे, फाटकाची मोटर, गच्चीवरची टाकी आणि तिचा पंप. दिवे, पंखे इन्व्हर्टरवर. एसी, गीझर नाहीत.

वायरमन म्हणतो, हल्ली सगळं वायफायवर चालतं, जादा वायर कशाला. एका विक्रेत्याला मात्र प्रत्येक दिव्याची वायर थेट मुख्य पॅनेलपर्यंत न्यायची आहे. माझी अट एकच: इंटरनेट बंद असो की यंत्रणा झोपलेली असो, घरातल्या ज्येष्ठांना आणि पाहुण्यांना भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावता आला पाहिजे. जिन्यात आणि पलंगाजवळ टू-वे (एकच दिवा दोन ठिकाणांहून लावायचे स्विच) आहेत, त्यांचं काय होतं तेही सांगा.

तिसरीपिन
उपकरणं कुठली घ्यायची हे सहा महिन्यांनी ठरवलं तरी चालेल, वायर मात्र आत्ताच. वायरमनचं अर्धं खरं आहे: निरोप हवेतून जातो, वीज नाही.

पहिलं काम न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार. प्रत्येक स्विचबॉक्समध्ये फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही हवेत. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल आपसूक असतो. राहतो तो जिन्यातल्या वरच्या बॉक्समध्ये, पलंगाजवळच्या टू-वेमध्ये आणि बाथरूमबाहेरच्या नुसत्या स्विचांच्या बॉक्समध्ये. बिनन्यूट्रलचे स्मार्ट स्विच मिळतात, पण ते स्वतःला लागणारा करंट दिव्यातूनच ओढतात. दिवा ५-७ वॅटचा एलईडी असेल तर बंद असतानाही मंद मिणमिणतो किंवा लुकलुकतो. मग दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावा, तो छतात बसवा... नकोच ते.

दुसरं, आणि इथे बहुतेक जण फसतात: न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. तुमच्याकडे इन्व्हर्टरचं सर्किट वेगळं आहे, म्हणजे एकाच बोर्डात दोन फेज आणि दोन न्यूट्रल येणार. मॉड्यूलला (स्विचमागे बसणारा छोटा स्मार्ट स्विच) फेज इन्व्हर्टरची आणि न्यूट्रल जवळ दिसला म्हणून सॉकेटचा जोडला, की फेजमधून गेलेला करंट त्याच आरसीसीबीतून (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) परत येत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा फरक गळती समजून पडतो. एका मॉड्यूलचा करंट थोडा असतो म्हणून सुरुवातीला काहीच होत नाही; चार-पाच मॉड्यूल तसे जोडले गेले, वर दिवे लागले, की कधीही ट्रिप, आणि शोधणारा वेडा होतो. दोन्ही न्यूट्रलना वेगळ्या रंगाची स्लीव्ह आत्ताच घालून घ्या.

तिसरं, बॉक्सची खोली. स्विचमागे बसणारं साधं रिले (विजेने चालणारा स्विच) मॉड्यूल साधारण ४० मिमी लांब-रुंद आणि १५-१६ मिमी जाड असतं. उथळ बॉक्समध्ये स्विच, वायरी आणि मॉड्यूल कोंबले की झाकण बसत नाही, जबरदस्तीने बसवलं तर वायर टर्मिनलमधून सुटते. निदान ६० मिमी खोल बॉक्स घ्या आणि शक्य तिथे पीव्हीसीचा. पत्र्याच्या बॉक्सात रेडिओ सिग्नल दबतो. एका बॉक्समध्ये तीन-चार मॉड्यूल एकावर एक रचू नका, उष्णता जायला जागा लागते.

गीझरला मात्र हे मॉड्यूल लावूच नका. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. मॉड्यूलवर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी बंद बॉक्समध्ये रोज तासभर तेवढा भार वाहिला की टर्मिनल तापून काळं पडतं. पॅनेलमध्ये २० किंवा २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोठ्या भाराचा रिले) आणि मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल चालवायची. पंपालाही हेच. एसीची वीज रिलेने तोडायची नाही. तो इन्फ्रारेडने किंवा त्याच्या स्वतःच्या वायफायने चालवा.

एलईडीबद्दल एक जाता जाता. रिलेवर छापलेला आकडा हीटरसारख्या भाराचा असतो. एलईडी ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या करंटच्या कित्येक पट ओढतो. बारा-पंधरा डाउनलाइट एकाच छोट्या रिलेवर टाकल्या की संपर्क चिकटतात आणि दिवा बंदच होत नाही. एका रिलेवर सहा-आठ पुरे, किंवा शून्य-व्होल्ट क्षणी जोडणारा रिले घ्या.

लघुमंडल
न्यूट्रलबद्दल सहमत. पण विक्रेत्याची सूचना सरसकट उडवून लावू नका. भिंतीत चाळीस ठिकाणी लपवलेले रिले म्हणजे चाळीस ठिकाणी बिघाड, प्रत्येक वेळी स्क्रू काढून बोर्ड उघडायचा. दिवे थेट पॅनेलपर्यंत नेले तर सगळे रिले डीआयएन पट्टीवर (पॅनेलमधली उपकरणं अडकवायची पट्टी) एका जागी, स्विचपासून पॅनेलपर्यंत फक्त बसची (निरोप वाहणारी) बारीक केबल. केएनएक्समध्ये (अशा वायरवरच्या ऑटोमेशनचं मानक) ती हिरवी दोन जोड्यांची ०.८ मिमीची असते, साधारण ३० व्होल्ट डीसीवर चालते, एका लाइनची एकूण लांबी १००० मीटरपर्यंत आणि पॉवर सप्लायपासून उपकरण ३५० मीटरच्या आत. घराला हे भरपूर झालं. मध्यवर्ती मेंदू नसतो, त्यामुळे एक उपकरण गेलं तर बाकीची चालत राहतात. फक्त पॉवर सप्लाय गेला की सगळी बटणं मुकी होतात, म्हणून तो इन्व्हर्टरवर आणि एक सुटा हाताशी ठेवायचा.

अडचण अशी की तुमचा स्लॅब पडून गेलाय. छतातले कन्ड्युइट जवळच्या स्विचबोर्डात उतरलेले असणार. आता ४८ पॉइंट पॅनेलपर्यंत न्यायचे तर प्रत्येक बोर्डातून भिंतीतून नवे पाइप, आणि तेवढ्या झिऱ्या अर्ध्या विटेच्या भिंतीत मी तरी मारू देणार नाही. स्लॅबआधी विचारलं असतंत तर केएनएक्सच सांगितलं असतं. आत्ता मधला मार्ग: दिवे-पंखे स्विचमागच्या मॉड्यूलवर, गीझर, पंप, फाटक, बाहेरचे दिवे आणि पडदे पॅनेलमधल्या रिलेवर. पॅनेलमध्ये एक जागा १८ मिमी धरून निदान १२ जागा रिकाम्या सोडा, शिवाय तारांतून येणारी जादा व्होल्टेजची लाट रोखायला टाइप-२ एसपीडी. चाळीस इलेक्ट्रॉनिक वस्तू भिंतीत बसवताना तो टाळणं म्हणजे नसता धोका.

पडद्यांच्या २३० व्होल्ट मोटरला चार तारी: न्यूट्रल, उघड, बंद, अर्थ. दोन रिले एकमेकांना अडवणारे हवेत. दोन्ही दिशांना एकदम वीज गेली की मोटर जळते. सेटिंगमधलं इंटरलॉक विसरलं जातं, म्हणून पडद्यासाठीच बनवलेलं मॉड्यूल घ्या. आणि पॉइंट पेल्मेटच्या (पडद्यावरची झाकणपेटी) आत, कोपऱ्यात घ्यायचा. खिडकीखाली घेतला तर वायर पडद्याबाहेर लोंबते.

रात्रपाळी
मी नेटवर्कपुरतं लिहितो.

जे हलत नाही त्याला केबल, जे बॅटरीवर चालतं त्याला रेडिओ. टीव्ही, कॅमेरे, छतातले वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट, डोअरबेल, पंपाचं पॅनेल, फाटक: सगळ्यांना कॅट-६ (नेटवर्कची केबल), आणि सगळ्या केबल एकाच कपाटात येऊन संपतात. मध्ये जोड नाही. नेटवर्क स्विचपासून उपकरणापर्यंत १०० मीटरची मर्यादा असते, घरात ती येत नाही. केबल शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल दिसायला तशीच, पण रोध जास्त. पीओईवरचा (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद-चालू होत राहतो तो बऱ्याचदा यामुळेच. साधं पीओई एका पोर्टला १५.४ वॅट देतं, कॅमेऱ्यांना पुरतं. अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी ३० वॅटवालं बघा.

२५ मिमीच्या पाइपमधून चार, फार तर पाच कॅट-६. दोन ओढबॉक्सांच्या (केबल ओढून घ्यायचे बॉक्स) मध्ये दोनच काटकोन. विजेच्या वायरींबरोबर एका पाइपमध्ये टाकायची नाही. समांतर जात असेल तर २०-३० सेंमी अंतर, ओलांडायची तर काटकोनात. फाटक घरापासून लांब असेल तर तिथे तांब्याऐवजी फायबर. जवळपास वीज पडली की लांबच्या तांब्याच्या केबलमधून लाट थेट तुमच्या नेटवर्क स्विचमध्ये येते.

रेडिओ. झिगबी (स्मार्ट उपकरणांचा कमी विजेवरचा रेडिओ) आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झवर, म्हणून आधी आखून घ्या: वायफाय १, ६, ११ पैकी चॅनेलवर पक्कं करा, झिगबी १५, २० किंवा २५ वर. ‘ऑटो’ ठेवलं तर राउटर एखाद्या रात्री स्वतःहून चॅनेल बदलतो आणि सकाळी निम्मे सेन्सर गायब. झिगबीची काडी (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ) यूएसबी ३ च्या पोर्टात थेट खोचू नका, तो पोर्ट याच पट्ट्यात गोंगाट करतो. मीटरभर एक्स्टेन्शन लावा. कायम वीज असलेली झिगबी उपकरणं सिग्नल पुढे ढकलतात, बॅटरीवरची ढकलत नाहीत. त्यामुळे आधी स्विचमागची मॉड्यूल जोडायची, मग सेन्सर.

खोक्यावर मॅटर लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. मॅटर ही भाषा आहे, खाली वायफाय असतं किंवा थ्रेड (झिगबीसारखाच रेडिओ). थ्रेड असेल तर त्याला घरच्या नेटवर्कशी जोडणारा बॉर्डर राउटर लागतो. विकत घेण्याआधी एकच प्रश्न: इंटरनेटची वायर काढली तरी हे घरातल्या घरात चालतं का? नाही म्हणाले तर ठेवून द्या. होम असिस्टंट (घरातलं ऑटोमेशन चालवणारं सॉफ्टवेअर) चालवणार असाल तर छोट्या संगणकावर आणि एसएसडीवर; मेमरी कार्ड सततच्या लिखाणाने झिजतं. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर.

कॅमेऱ्याची साठवण: ४ मेगाबिट प्रतिसेकंद धरा, एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी. सहा कॅमेरे, ३० दिवस, म्हणजे ७.८ टीबी. ८ टीबीच्या डिस्कवर वापरायला साधारण तेवढीच जागा असते, मोकळीक राहत नाही. १० घ्या नाहीतर दिवस कमी करा.

आणि वीज खर्च. मॉड्यूल बंद असतानाही अर्धा-पाऊण वॅट खातं. ५० मॉड्यूल, प्रत्येकी ०.६ वॅट, म्हणजे ३० वॅट सतत. वर्षाला सुमारे २६३ युनिट. इन्व्हर्टरवरही हा भार चोवीस तास. पंधरा-वीस दिव्यांना मॉड्यूल लावून बाकीचे साधे ठेवले तर काही बिघडत नाही. माळ्यावरचा दिवा फोनवरून लावून कुणाला काय मिळणार?

ओसरी
खूप उपयोगी, धन्यवाद. लघुमंडल, मधला मार्ग पटला. टू-वे आणि बीएलडीसी पंखे राहिले. शिवाय हालचाल ओळखणारे सेन्सर छतात घ्यायचे का भिंतीत?

तिसरीपिन
टू-वे: दोन्ही स्विच आणि मधल्या दोन तारा जशा आहेत तशा राहू द्या. दुसऱ्या स्विचमधून जी तार दिव्याला जाणार होती ती मॉड्यूलच्या इनपुटला, आणि मॉड्यूलचा आउटपुट दिव्याला. सेटिंग ‘बदल झाला की उलट कर’ असं ठेवा. कुठलाही स्विच हलवला की दिवा पालटतो, हब (सगळ्यांना जोडणारं मुख्य यंत्र) बंद असला तरी. इनपुटची तार फार लांब असेल तर स्वस्त मॉड्यूलला शेजारच्या वायरीतून प्रेरित व्होल्टेज मिळतं आणि दिवे भुतासारखे आपोआप लागतात. म्हणून मॉड्यूल दिव्याकडे जाणाऱ्या बॉक्समध्ये बसवायचं. वीज परत आल्यावरची स्थिती ‘बंद’ किंवा ‘आधीची’ ठेवा, नाहीतर पहाटे वीज आली की सगळं घर उजळतं.

बीएलडीसीला रेग्युलेटर नको, डिमर तर मुळीच नको. वेग त्याचा स्वतःचा ड्रायव्हर ठरवतो. साधा स्विच, आणि वेगासाठी इन्फ्रारेड किंवा पंख्यातलंच वायफाय. त्यामागे रिले लावायची गरज नाही.

सेन्सर: पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) समोरून येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्याला चटकन पकडतो, म्हणून दाराच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीवर २ ते २.४ मीटरवर. बसलेला माणूस ओळखायला मिलिमीटर-वेव्ह (छोटा रडार) चांगला, पण फिरता पंखाही त्याला माणूस वाटतो आणि तो पातळ पार्टिशनपलीकडचंही बघतो. पंख्याच्या खोलीत छताला लावू नका; कोपऱ्यातून, पंख्याच्या पात्यांखालून बघेल असा भिंतीवर. त्यासाठी कोपऱ्यात एक पॉइंट आत्ताच घ्या.

वाळूसिमेंट
वरच्या सगळ्याला +१, थोडी भर.

गॅसचा सेन्सर: सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे सेन्सर जमिनीपासून ३० सेंमीवर. पाइपचा नैसर्गिक वायू हलका, त्यासाठी छताजवळ. सिलिंडर सोडून पुढे पाइप घ्यायचा असेल तर दोन्ही उंचीवर पॉइंट ठेवा. भोंगा सेन्सरचा स्वतःचा हवा, फोनवरच्या सूचनेवर विसंबून नको.

टाकी: गच्चीपासून पंपाच्या पॅनेलपर्यंत स्वतंत्र २५ मिमी पाइप. वर पातळी मोजणारा सेन्सर हवा तो लावा, पण टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत मालिकेत. सॉफ्टवेअर अडकलं तरी टाकी वाहता कामा नये. कोरडा पंप चालू नये म्हणून खालच्या टाकीतही तसाच फ्लोट.

प्लास्टर करणारे बॉक्स भरून टाकतात, म्हणून प्रत्येकात थर्माकोल किंवा कागद कोंबून वर पट्टी. बॉक्सची कड वीटकामापासून प्लास्टरच्या जाडीइतकी पुढे हवी, नाहीतर पुढे स्क्रू पोचत नाहीत. रिकाम्या पाइपांत नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकं बांधा. केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक. कॅट-६ प्लास्टर आणि रंगाआधीच टेस्टरवर तपासा. आठपैकी एक तार तुटलेली असली तर ती आत्ताच बदलता येते. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला मोजपट्टी उभी आणि आडवी लावून, खोलीचं नाव खडूने लिहून.