मदत हवी आहे: टीव्हीला गेस्ट (बिनपासवर्डचा प्रवेश) चालतो, विंडोज ११ ला नाही. सांबा फोल्डर एकच ठेवता येईल का?

नागपूरला घरी उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपवर सांबा (नेटवर्कवरून इतर उपकरणांना फोल्डर उघडू देणारा प्रोग्रॅम) बसवलंय. फोल्डरमध्ये कुटुंबाचे फोटो आणि शेतीच्या सातबाऱ्यांचे स्कॅन आहेत. राउटर एकच, डेस्कटॉपला आयपी पक्का दिलेला, एकमेकांना पिंग जातो, फायरवॉलमध्ये सांबाला लागणारा ४४५ पोर्ट उघडा आहे.

वरच्या मजल्यावरचा टीव्ही फोल्डर गेस्ट म्हणून उघडतो. त्यात यूजरनेम टाकायची सोयच नाही. अडतो तो बाबांचा लॅपटॉप, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. पासवर्ड न विचारताच तो गेस्ट प्रवेश नाकारल्याचा संदेश देतो. माझ्या समजुतीने विंडोज आधी बाबांचं मायक्रोसॉफ्ट खातं पाठवतं, सांबाला ते नाव ओळखीचं नाही, आणि सांबाच्या सेटिंगमध्ये 'मॅप टू गेस्ट = बॅड यूजर' (अनोळखी नावाला गेस्ट समजा) ही ओळ असल्याने सांबा त्याला गेस्ट करून टाकतो. ती ओळ काढली की लॅपटॉप पासवर्ड विचारतो आणि नीट चालतो, पण टीव्ही बंद पडतो.

सांबाच्या एसएमबीपासवर्ड कमांडने बाबांचं खातं केलंय. विंडोजच्या 'नेट यूज' कमांडमध्ये ते नाव दिलं की फोल्डर उघडतो, रीस्टार्टनंतर पुन्हा तेच. बाबा रोज कमांड टाकणार नाहीत. लॅपटॉपवर बँकेची कामं होतात, म्हणून गेस्ट लॉगिन चालू करणं किंवा एसएमबी साइनिंग (फाइल-शेअरिंगच्या संदेशांवरची सही) बंद करणं मला नकोच. एसएमबी १ (फाइल-शेअरिंगची जुनी पद्धत) पण नको. कागदपत्रं क्लाउडवरही ठेवायची नाहीत.

विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवून ठेवायची सोय) कायमची नोंद करताना यूजरनेमच्या आधी उबुंटू मशीनचं नाव लावावं लागतं का? की सांबातच टीव्हीपुरता गेस्ट वेगळा ठेवायची काही सोय आहे?