पूर ओसरेपर्यंत मुलांच्या शिक्षणाचे काय?

प्रश्न – वस्तीशिक्षिका, नागपूर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीला पूर आला, तेव्हा आमच्या वस्तीतल्या कित्येक मुलांची दप्तरे गाळात गेली आणि घरे आवरेपर्यंत त्यांची शाळा बुडाली. पुन्हा अशी वेळ आल्यास समाजभवनात तात्पुरते वर्ग भरवावेत, असे आम्ही काही शिक्षक-पालकांनी ठरवले आहे. निर्वासितांच्या छावण्यांत शिकवणाऱ्यांच्या अनुभवातून आपल्याला काय घेता येईल? पहिल्या आठवड्यात धडे शिकवावेत की मुलांना खेळवावे, यावर आमच्यात एकमत नाही.

उत्तर १ – मदतकार्यातील एक

दोन्ही करावे, पण वर्ग रोज त्याच वेळी आणि त्याच जागी भरावा. घाबरलेल्या मुलाला ठरलेल्या दिनक्रमाचा फार आधार वाटतो, आणि पंचनाम्यासाठी धावपळ करणाऱ्या पालकांनाही मूल सुरक्षित असल्याची खात्री लागते. युनिसेफ आपत्तीच्या ठिकाणी जी 'पेटीतली शाळा' पाठवते, त्या ॲल्युमिनियमच्या पेटीत एक शिक्षक आणि ४० मुले यांना पुरेल इतके साहित्य असते, आणि झाकणाला सोबतचा रंग दिला की त्याचाच फळा होतो. तशी एक पत्र्याची पेटी पाट्या, खडू, वह्या, गोष्टींची पुस्तके, दोरीच्या उड्यांची दोरी आणि हजेरीपट घालून पावसाळ्यापूर्वीच भरून ठेवा. ती वरच्या मजल्यावर ठेवा, नाहीतर पहिल्या लोंढ्यात तीच जाईल.

खरी अडचण त्यानंतर येते. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत २०१७ नंतर म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुलांसाठी हजारो शिक्षण केंद्रे निघाली, पण तिथल्या शिक्षणाला ना बांगलादेशात मान्यता होती ना म्यानमारमध्ये. म्यानमारचा अभ्यासक्रम तिथे प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला तो २०२१ च्या अखेरीस. म्हणून तुम्ही बालभारतीचेच धडे पुढे न्या, कोणत्या मुलाचे कोणते धडे झाले हे वहीत लिहा आणि ती नोंद त्याच्या वर्गशिक्षकांकडे पोहोचवा.

उत्तर २ – निवृत्त मुख्याध्यापक

पेटीत शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील काही कलमांची मराठी प्रतही ठेवावी, कारण कागदपत्रे वाहून गेलेल्या कुटुंबाला आपला हक्क सहसा कोणी सांगत नाही. कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शासकीय वा अनुदानित शाळेतला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, आणि शाळेपासून तुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे.

त्याच कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मोकळे केले, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण यांचा अपवाद ठेवला. म्हणजे मुलांना शिक्षकांची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत शिक्षक दुसरीकडे जुंपले जाऊ शकतात. तेव्हा केवळ शिक्षकांच्या भरवशावर राहू नका. वस्तीतल्या बारावी झालेल्या आणि डी.एड. करणाऱ्या मुलामुलींना आताच तयार करा.

उत्तर ३ – पालक, पूर्व नागपूर

समाजभवनातल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, हे आधी पाहा. ती नसेल तर मोठ्या मुली दुसऱ्या दिवसापासून यायच्या थांबतील.