चेनसॉ वाकडा कापतो आणि चिपर फांदी चिरडतो: यंत्रांत बदल करावेत की आधी दुरुस्ती?

प्रश्न – फांदीवाला

नमस्कार. झाडांची छाटणी करणे आणि पडलेली झाडे तोडून हलवणे हे माझे रोजचे काम आहे. माझा चेनसॉ ६० सीसीचा असून त्याला १८ इंचांचा बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) आणि ३/८ इंच पिचची (कड्यांच्या अंतराच्या मापाची) चेन आहे. गेल्या काही आठवड्यांपासून जाड बुंध्यात काप सरळ न जाता उजवीकडे वळत जातो, शेवटी बार अडकतो आणि भुसाही पिठासारखा बारीक पडतो. शिवाय मोठा काप संपवून थ्रॉटल सोडला की इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही, काही क्षण तसाच चढा राहतो.

यंत्राची ताकद कमी पडते आहे असे समजून मी दोन बदलांचा विचार करीत आहे: सायलेन्सरचे तोंड मोठे करणे आणि २४ इंचांचा बार बसवणे. दुसरी अडचण चिपरची, म्हणजे फांद्यांचे ढलपे करणाऱ्या यंत्राची आहे. तो तबकडीचा, दोन पात्यांचा आहे. पूर्वी तो फांदी स्वतः ओढून घेत असे. आता ती ढकलावी लागते आणि ढलप्यांऐवजी सालीचे लांब दोरे बाहेर पडतात. सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ – कानस आणि धार

आपण वर्णन केलेली पहिली दोन लक्षणे इंजिनाची नसून चेनची आहेत. चेनवर उजवे आणि डावे दात आळीपाळीने असतात. एका बाजूचे दात लांब, अधिक धारदार किंवा अधिक खोल कापणारे झाले की काप त्या बाजूला ओढला जातो. उजव्या हाताने कानस चालवणाऱ्या माणसाचा एका बाजूला हात मोकळा चालतो आणि दुसऱ्या बाजूला आखडतो, त्यामुळे हा दोष नकळत साठत जातो. सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे सगळे त्याच्या लांबीला आणावेत, मग ते कितीही जिवावर आले तरी.

३/८ इंच पिचच्या नेहमीच्या चेनला बहुधा ५.२ किंवा ५.५ मिमी व्यासाची गोल कानस लागते. लहान सॉवरील लो-प्रोफाइल चेनला ४ मिमीची. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वरच्या पृष्ठभागाच्या वर राहिला पाहिजे आणि दातावर कोरलेल्या तिरक्या रेषेला, म्हणजे बहुतेक ३० अंशांना, ती समांतर चालली पाहिजे. दाताचा माथा मागे उतरता असतो, म्हणून धार लावत गेल्यावर दात बुटका होतो, पण त्याच्यापुढचा डेप्थ गेज, म्हणजे दात किती खोल शिरेल ते ठरवणारा उंचवटा, तेवढाच राहतो. मग दात कितीही तीक्ष्ण असला तरी लाकडात शिरतच नाही आणि बारीक भुसा पडतो. तीन-चार वेळा धार लावल्यानंतर मापपट्टी ठेवून हा गेज सपाट कानशीने उतरवावा; अशा चेनला ०.६५ मिमीचा फरक सामान्यतः पुरतो. तो घाईने जास्त उतरवू नये, कारण मग सॉ लाकडाला झोंबतो आणि उलट झटका बसण्याचा धोका वाढतो.

चेन नीट करूनही काप वळत असेल, तर दोष बारमध्ये आहे. बार काढून सपाट काचेवर कडेवर उभा करून पाहावा. तो एका बाजूला कलत असेल तर चेन ज्यांवरून धावते त्या त्याच्या दोन कडांची उंची सारखी राहिलेली नाही. खाच आणि तेलाचे छिद्र साफ करावे, आणि पुढे दर वेळी चेन बदलताना बार उलटा करून बसवावा.

उत्तर २ – दोन स्ट्रोक

थ्रॉटल सोडल्यावरही वेग चढा राहतो, या वाक्यापाशी मी थांबलो. कृपया हा सॉ तूर्त चालवू नये. हे लक्षण बहुतेक वेळा कोठून तरी जादा हवा आत येत असल्याचे असते: क्रँकशाफ्टचे सील, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधील रबरी नळी किंवा एखादे गास्केट. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळते. ५०:१ प्रमाण धरले तर एका लिटरमागे फक्त २० मिली तेल असते. हवा वाढली की पेट्रोल तुलनेने कमी पडते, त्याबरोबर वंगणही कमी पडते आणि उष्णता वाढते. पिस्टनवर उभे ओरखडे पडतात आणि एके दिवशी तो सिलिंडरला चिकटून बसतो. पुष्कळ जण अशा वेळी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून आवाज जुळवून घेतात. त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

खात्रीची तपासणी दाबाचीच आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट (हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे तोंड) बंद करून सुमारे अर्धा बार (येथे बार हे दाबाचे एकक) दाब भरावा आणि तो टिकतो का ते पाहावे. नंतर हीच तपासणी हवा खेचून, म्हणजे निर्वातानेही करावी, कारण काही सील एका दिशेने धरतात आणि दुसऱ्या दिशेने गळतात.

सायलेन्सर मोकळा केल्याने ताकद थोडी वाढते, हे खरे आहे. परंतु त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि त्यानंतर कार्बोरेटरच्या ‘एच’ (चढ्या वेगाच्या) स्क्रूने पेट्रोल वाढवून टॅकोमीटरवर, म्हणजे वेगमापकावर, वेगमर्यादा तपासली नाही तर इंजिन जळते. योग्य जुळणीत विनाभार पूर्ण थ्रॉटलवर आवाज किंचित फुटका येतो आणि लाकडात टेकवताच तो साफ होतो. मात्र काही सॉमधील वेगनियंत्रक तसाच फुटका आवाज काढून फसवतो, म्हणून केवळ कानावर विसंबू नये. मुळात हवेची गळती असलेल्या इंजिनावर हा बदल करणे मला मान्य नाही. त्याआधी सायलेन्सरमधील ठिणगी अडवणारी जाळी काढून पाहावी. ती काजळीने बुजली असेल तर गेलेली ताकद तिथेच सापडेल. साफ करून ती परत बसवलीच पाहिजे, कारण वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

२४ इंचांच्या बारमुळे लाकडात एका वेळी अधिक दात गुंततात आणि चेनच्या वंगणाचे तेच तेल अधिक लांबीवर पसरते. आपल्या तेलपंपाची क्षमता तेवढी आहे का, हे उत्पादकाच्या तक्त्यात पाहूनच निर्णय घ्यावा.

उत्तर ३ – तबकडी

चिपरविषयी लिहितो. धारदार पाते फांदी कापता कापता आत ओढते. बोथट पाते तिला ठेचते. म्हणून साल दोऱ्यासारखी निघते. पण केवळ फिरत्या पात्यांना धार लावून बऱ्याचदा भागत नाही, कारण त्यांच्यासमोरच्या स्थिर पात्याची कडही गोल झालेली असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. पुष्कळ यंत्रांत ते उलटून नवी कड वापरता येते.

हात घालण्यापूर्वी किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि तबकडी पूर्ण थांबल्यावर तिची अडसर-पिन लावावी. इंजिन बंद झाल्यावरही जड तबकडी बराच वेळ फिरत राहते, आणि हाताने ढकललेली तबकडीसुद्धा बोट कापते.

दोन्ही पाती एकत्रच पाजवावीत आणि त्यांचे वजन सारखे ठेवावे, अन्यथा कंप बेअरिंगला मारतो. घासताना पाण्याने थंड ठेवावे. कड निळी पडली की पात्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले. बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत आणि झिजलेले पुन्हा वापरू नयेत. पट्ट्याचा ताणही तपासावा, कारण घसरणारा पट्टा बोथट पात्यासारखीच लक्षणे दाखवतो. वेग वाढवण्यासाठी पुली बदलणे आणि तोंडाजवळचा आपत्कालीन दांडा बांधून ठेवणे, हे दोन्ही ‘बदल’ मी पाहिले आहेत. कृपया त्या वाटेला जाऊ नये.

फांदीवाला

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. एका बाजूचे दात जवळजवळ १ मिमीने आखूड निघाले. दाबाच्या तपासणीत क्लचच्या बाजूचे सील निर्वात धरत नव्हते; ते बदलल्यावर थ्रॉटल सोडताच वेग खाली येतो. जाळी अर्धी बुजलेली होती. सायलेन्सर आहे तसाच ठेवला आहे आणि मोठ्या बारचा विचारही सोडला आहे. चिपरचे स्थिर पाते उलटून बसवले, पाती पाजवून घेतली; तरी बारीक ओल्या डहाळ्यांचे दोरे अजून थोडे निघतात.

तबकडी

पाजवल्यावर पाती अरुंद होतात आणि फिरते पाते व स्थिर पाते यांमधील फट वाढते. ती फट पुन्हा मापून यंत्राच्या पुस्तिकेतील मापावर आणावी, आणि ती स्थिर पात्याच्या दोन्ही टोकांना, तसेच दोन्ही फिरत्या पात्यांसाठी मापावी. तबकडी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कोठेही घासत नाही याची खात्री झाल्याशिवाय इंजिन चालू करू नये.