प्रार्थनेच्या वेळी फोन बाहेर ठेवायला हवा की नको?

नगरी_माणूस
सर्वांना सलाम. स्पष्ट लिहितोय, राग मानू नका. परवा प्रार्थना सभेत स्तोत्र ४६ काढायला सांगितलं, बारा-तेरा जण होतो, कागदी बायबल फक्त दोघांकडे, बाकी सगळ्यांनी मोबाईल काढले. शांत राहा असं सांगणारं तेच स्तोत्र वाचता वाचता माझ्या स्क्रीनवर तीन व्हॉट्सअ‍ॅप आले आणि मी त्यातला एक उघडला पण! घरी येऊन फार वाईट वाटलं.
माझं मत असं की शांत वेळेत (रोजच्या एकट्याच्या प्रार्थनेत) आणि उपासनेत फोन नकोच. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, हातात पुस्तक. प्रार्थनेला राजाचा मनाईहुकूम निघाला तरी बायबलमधला दानिएल माडीवर जाऊन दिवसातून तीनदा गुडघे टेकतच राहिला, आधी टेकायचा तसाच. आमची आजी पहाटे चूल पेटवताना ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, तिथून तिचा दिवस लागायचा. आपला दिवस नोटिफिकेशनने लागतो.

रात्रपाळी_ताई
दादा, नाही पटलं. मी नर्स आहे, आठवड्याला ड्यूटी बदलते. ठरलेली वेळ ही ज्याची वेळ त्याच्या हातात आहे त्याला परवडते. नाईट संपली की चर्चगेटला गाडी पकडते, कानात ऑडिओ बायबल, विरार येईपर्यंत मार्कचं शुभवर्तमान जवळजवळ पूर्ण होतं. तो फोन काढून घेतला तर माझ्याकडे राहतं काय? सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबायचे, भांड्यांच्या आवाजातही देवाशी बोलणं चालू. मला तेच जवळचं वाटतं.

वसईचा_डाबरे_आळीवाला
तुम्ही दोघं एकट्याचंच बोलताय. आमच्याकडे संध्याकाळची घंटा झाली की हातातलं काम थांबायचं, मे महिन्यात क्रूसाजवळ सगळी आळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला. १७३९ ला वसई मराठ्यांनी घेतली, पोर्तुगीज गेले, तरी इथल्या लोकांची श्रद्धा राहिली, ती अशी शेजारपाजाऱ्यांनी मिळून धरली म्हणूनच ना? आता एकाच घरात चार जण चार खोल्यांत चार स्क्रीनसमोर. फोन बंद करून एकटे बसलात तरी ते भरून येणार नाही.

पुण्याहून
फोनला दोष देणं सोपं आहे हो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रिअस नावाचा साधू लिहून गेलाय, दुपारी मठवासी सारखा खिडकीकडे बघतो, सूर्य हललाच नाही असं वाटतं, कोणी भाऊ भेटायला येतोय का म्हणून डोकावतो. फोन कुठे होता तिथे? चंचलपणा आतला आहे. मी बायबल अ‍ॅपवर सलग दिवसांचा आकडा तुटू नये म्हणून रात्री बाराला पाच मिनिटं कमी असताना एक वचन उरकायचो, त्याला काय भक्ती म्हणायची! उलट पंडिता रमाबाई बघा, केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली सांभाळत हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच काम. त्यांना कुठली शांतता मिळाली होती?

नगरी_माणूस
ताई, तुमचं मान्य, पाळी बदलणाऱ्याला मी घड्याळ लावू शकत नाही. पण पुण्याहून लिहिणारे दादा, रमाबाईंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या मुली हेच देवाने त्यांना दिलेलं काम होतं, माझे तीन व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. आणि मार्क १ वाचा, कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी, तरी प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुला शोधताहेत म्हणाला, तरी तो मागे न फिरता पुढच्या गावांना गेला. लोक बोलावतात म्हणून लगेच जायचंच असं नाही, हे मला तिथून कळलं.

रात्रपाळी_ताई
मग मार्क ६ पण वाचा ना. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती म्हणून प्रभू त्यांना होडीतून एकांतात घेऊन निघाला, आणि लोक पायी धावत आधीच तिथे पोचले. त्याने त्यांना परत नाही पाठवलं, कळवळा आला आणि शिकवत बसला. आमच्या वॉर्डात बेल वाजली की मला हाच अध्याय आठवतो. कुठली बेल उचलायची आणि कुठली नाही हे मात्र मलाही रोज नव्याने विचारावं लागतं, ते तुमचं बरोबर आहे. आज नाईट आहे, बाकीचं सकाळी गाडीत लिहिते.