मदत हवी आहे: मागे डिस्क बसवल्यावर हँडब्रेकची केबल कुठून न्यावी?

नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या जीपचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले, कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) हँडब्रेकच्या लिव्हरवाले. पायाचा ब्रेक मस्त लागतोय, अडलंय ते केबलपाशी.

कॅलिपरचा लिव्हर आता ॲक्सलच्या मागे आलाय, त्यामुळे उजवी केबल पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) वळसा घालून जवळजवळ काटकोनात वळते आणि तिथेच जाम होते. हँडब्रेक सोडला तरी लिव्हर हाताने मागे ढकलावा लागतो. परवा घोडबंदर रोडने घरी आलो तेव्हा उजवी रिम इतकी तापली होती की हात लावता येईना. डावी केबल सायलेन्सरपासून जेमतेम दोन बोटं. उलट येऊरच्या चढावर हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी सरकते, चाकाखाली दगड ठेवावाच लागतो. घरात लहान मुलं आहेत, म्हणून जीव धास्तावतो.

मेकॅनिक म्हणतो कॅलिपर डावे-उजवे बदलू, लिव्हर पुढे येईल. पण मग ब्लीड निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) खाली जाईल आणि हवा निघणारच नाही, म्हणून मी थांबवलं.

केबल पाट्यांच्या वरून न्यावी की ॲक्सलला क्लिप मारून? पाटे दबल्यावर ताणली जाऊ नये म्हणून ढील किती ठेवता? ठाणे-कळव्यात मापाने केबल बनवून देणारं कुणी माहीत आहे का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी गाडीखालचा फोटो टाकलात तर फार उपकार होतील.